वाघ धरला म्हणतात

वाघाने माणूस मारल्याची खबर आली की वनविभागाचे पशुवैद्य सहारे डॉक्टर जागेवर पोचून आधी बूट काढायचे. बुटांनी ठसे मोडतात, असं त्यांचं म्हणणं. मागे बंदूकवाला घामाघूम, गावकरी काठ्या घट्ट धरून, आणि हे अनवाणी, वाकून, वाघाच्या पावलांच्या कडेकडेने चाललेले. मी वनरक्षक. माझ्या बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या जंगलात, मी त्यांच्या मागून चालले, पण बूट कधी काढले नाहीत.

माणूस झाडीपट्टीतलाच. तंबाखूचा खर्रा सोडला होता, म्हणून सतत बडीशेप चघळायचे. साहेबांसमोरही गावचीच बोली. "वाघाले मत नाई, अन् मेलेल्या बाईलेबी आता मत नाई," असं एकदा बैठकीत म्हणाले. "मंग या दोघायचं कोन बोलते?" साहेबांनी विषय बदलला. चहा लवकर आला.

त्या वर्षी सरपणाला गेलेली एक बाई वाघाने मारली. गावाने रस्ता अडवला. निवडणूक तोंडावर होती. भागातले नेते आले आणि मोहफुलं पडायच्या आत वाघ पकडतो, असा शब्द देऊन गेले. पिंजरा लागला. मोह पडू लागला तेव्हा कुठे त्यात एक तरुण वाघीण सापडली. फटाके फुटले, नेत्यांना हार पडले, आणि जंगल मोकळं झाल्याचं तिथेच जाहीर झालं.

सहाऱ्यांनी पिंजऱ्याजवळच त्यांना गाठलं. बाईजवळचे ठसे मोठ्या नराचे होते, ही मादी आहे. जखमांवरच्या लाळेचे नमुने प्रयोगशाळेत गेलेत, निकाल येईपर्यंत जंगल बंद ठेवा, असं सांगितलं. नेते हसले. "डॉक्टर, लोकायले भेवानं मारता का? धरला म्हन्लं का धरला." वरिष्ठ साहेब झाडांकडे बघत राहिले. नंतर सहाऱ्यांना गप्प राहायचं बजावण्यात आलं.

त्याच संध्याकाळी ते गावच्या समाजमंदिरात गेले आणि सगळं सांगितलं. पारबताबाई, जिच्या घरात मोहावरच चार महिने निघतात, उठून उभी राहिली. "नेता म्हन्ते धरला, तुमी म्हन्ता नाई धरला. मोह झाडाखाली सडून राह्यला. तुमी येचून द्यान का?"

बाया खदखदून हसल्या. सहारे हसले नाहीत. "येचाले नाई येत मी. उभा राहाले येतो."

मोह वेचायचा तो पहाटे, कमरेत वाकून, तासन् तास. वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही, जनावर दिसते. म्हणून सहाऱ्यांनी सांगितलं की ऊन पडल्यावर जा, निम्म्या बायांनी वेचायचं, निम्म्यांनी उभं राहून बघायचं. आणि ते खरंच रोज सकाळी काठी घेऊन मोहाखाली उभे राहिले. डोळे समोरच्या झुडपांवरून हलायचे नाहीत. भीती वाटते का, असं मी सरळ विचारलं.

"लागते ना. भेव गेलं का मानूस खाली पाह्यते."

लोकांत घबराट पसरवल्याबद्दल त्यांची दूर सिरोंच्याला बदली झाली. जीप सुरू झाली तेव्हा मी विचारलं, नर अजून इथेच आहे का? जाता जाता धीराचा एखादा शब्द देतील, असं वाटलं होतं.

"मले मालूम नाई, बाई," ते म्हणाले. "मालूम नाई तवरिक उभी राहा."

मला राग आला. जाणाऱ्याने तरी खोटं बोलावं.

ते गेले आणि निकाल आला. बाईला मारलं ते या वाघिणीने नव्हतं. निकाल सध्या बाहेर सांगू नका, अशी वरून सूचना होती. मी गावात सांगितला. मान्य कोणी केलं, कोणी नाही.

दुसऱ्या सकाळी मी मोहाखाली उभी होते. पाखरं गप्प झाली आणि वानरं एकदम खेकसू लागली. मी शिट्टी फुंकली. बाया टोपल्या टाकून ताठ झाल्या. पारबताबाई तेवढी वाकून वेचत राहिली.

"धरला ना वो बाई," ती मान वर न करता म्हणाली.

मी तिच्याकडे निघाले. तिच्यापर्यंतची वाट संपता संपेना. मी दंडाला धरून तिला उभं केलं. ती शिवी देणार होती. मग तिला पलीकडची झुडपांची जाळी दिसली. तिथला एकच भाग हलत होता, आणि वारा नव्हता.



तिने माझा हात धरला तो सोडला नाही. आम्ही उभ्याच राहिलो.