पान सतरावरची हत्यारं

“हे तुमचंच इंग्रजी ना?” टेबलासमोरच्या बाईंनी विचारलं आणि एक झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. पान सतरा. खाली माझी सही, माझा शिक्का. एका ओळीखाली लाल पेनने रेघ.

मी कागदाला हात लावला नाही. कोर्टाच्या कामात पक्षकाराने भाषांतरकाराला परस्पर भेटायचं नसतं. आलाच तर त्याला काहीतरी बदलून हवं असतं, एवढं मी बावीस वर्षांत शिकले होते.

“आपण कोण?”

“मी सुजाता. विश्रांतवाडीला राहते, शाळेत शिकवते. विलास माझे मिस्टर.”

विलास (खरं नाव देत नाही) चित्रकार आणि कवी. लाकडावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा, ही त्यांची पद्धत. नदीकाठची एक वस्ती उठवायचं ठरलं तेव्हा विरोधाच्या मोर्च्यात त्यांची पोस्टरं आणि त्यांच्या कविता सगळ्यांत पुढे होत्या. मोर्च्यात दगडफेक झाली आणि त्यांना कटाच्या आरोपाखाली अटक झाली. मोर्च्याच्या आठवडाभर आधी ते कोल्हापूरला एका शिबिरात होते. तिथून त्यांनी बायकोला लिहिलेलं पत्र झडतीत सापडलं. त्या पत्राचं इंग्रजी मी केलं होतं. त्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवून त्यांचा जामीन नाकारला गेला होता. चौदा महिने ते आत होते. आता हायकोर्टात तारीख होती.

मूळ ओळ अशी: “कसब्यातल्या दादाकडून हत्यारांना पाणी देऊन घे. मी आलो की मोठं काम काढायचंय.”

मी हत्यारांचं ‘वेपन्स’ केलं होतं. मोठ्या कामाचं ‘बिग ऑपरेशन’. आणि दादापाशी तारा काढून खाली टीप दिली होती: लोकल स्ट्राँगमन, म्हणजे गल्लीतला गुंड.

“हत्यारं म्हणजे त्यांच्या पटाश्या हो,” सुजाताबाई म्हणाल्या. “लाकूड कोरायच्या. त्यांचे वडील सुतार होते. आमच्याकडे हत्यारंच म्हणतात.”

“हे चौदा महिन्यांनी आठवलं?”

“आधीच्या वकिलांनी मला इंग्रजी कागद दाखवलेच नाहीत. नव्या वकिलांनी परवा दाखवले. पत्रात काय आहे, हे मला आजवर कोणी विचारलेलंच नाही.”

बायको असंच सांगणार, असं माझ्या मनात आलं. वकिलानेच पढवून पाठवलं असेल, असंही आलं. दादा कोण, विचारलं तर म्हणाल्या, कसब्यात धार लावून देणारे. दुकानाचा पत्ता मी सहज विचारल्यासारखा विचारून घेतला आणि “बघते” म्हणून त्यांना वाटेला लावलं.

त्या जिना उतरल्या आणि पाच मिनिटांत मीही निघाले. त्यांचा फोन दादांपर्यंत पोचायच्या आत मला तिथे असायचं होतं. वाटेत घरी थांबून स्वयंपाकघरातली बोथट विळी पिशवीत घातली. हत्यार हा शब्द आपण तोंडातून काढायचा नाही, असं मी रिक्षातच ठरवलं. आपण शब्द सुचवला की समोरचा तोच परत करतो, आणि मग त्याला पुरावा म्हणता येत नाही.

कसब्यातल्या त्या बोळात दुकान म्हणजे एक भट्टी, एक ऐरण आणि सत्तरीचा एक किडकिडीत म्हातारा. मी विळी पुढे केली.

“ठेवा ताई. आधी त्या सुताराची हत्यारं होऊ द्यात.”

मी विचारलं, “हत्यारं म्हणजे?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. “पटाश्या, रंधे. कामाची हत्यारं. तुम्ही काय समजलात?”

पाणी देणं म्हणजे काय तेही त्यांनीच दाखवलं. पातं लालभडक तापवून पाण्यात बुडवायचं, म्हणजे धार टिकते. तेवढ्यात एक हमाल आत डोकावून म्हणाला, “दादा, चहा सांगू का?” माझ्या टिपेतला लोकल स्ट्राँगमन “सांग, ताईंनाही सांग” म्हणाला.

फळीवर एक लांबट लाकडी पेटी होती. कुणाची, विचारलं.

“एक चित्रकार आहेत. त्यांच्या मिसेस पाणी द्यायला देऊन गेल्या. काम झालं, पण न्यायला कोणी आलं नाही. मग पेपरात कळलं.”

तरी माझी खात्री होईना. पेटी कालच आणून ठेवली असली तर? मी झाकणावरून बोट फिरवलं. धुळीचा चांगला जाड थर होता.

“काय तपासताय?” दादा म्हणाले. “पोलिसांतल्या का तुम्ही?”

मला माझीच लाज वाटत होती.

मला कोर्टाची कामं देणाऱ्या भाषांतर एजन्सीचे मालक अभ्यंकर सर यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं की मला चूक लिहून द्यायची आहे.

“कुलकर्णी मॅडम, एक करेक्शन दिलंत की आपली जुनी सगळी कामं लोक उकरून काढतील. शब्दकोशात वेपन आहे ना?”

“आहे.”

“मग विषय संपला.”

“टूलही आहे, सर.”

“मग तुम्ही वेपन का घेतलंत?”

त्यांनी मला गप्प करायला विचारलं, पण प्रश्न बरोबर होता. फाइलच्या पहिल्या पानावर ‘आरोपी’ लिहिलेलं मी वाचलं होतं, म्हणून घेतलं. हेच पत्र एखाद्या फर्निचरवाल्याच्या फाइलमधून आलं असतं तर मी डोळे झाकून टूल्स लिहिलं असतं. शिवाय आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी खिळा ठोकलेला नाही. हत्यार हा शब्द आमच्याकडे फक्त बातम्यांत यायचा. मराठी माझी मातृभाषा, आणि त्यातली अर्धीअधिक मला येतच नव्हती. वर मी शिक्का मारून ‘खरे व अचूक भाषांतर’ असं लिहून दिलं होतं.

मी प्रतिज्ञापत्र केलं. हायकोर्टाने मला तारखेला हजर राहायला सांगितलं. सरकारी वकील तेच म्हणाले, जे मी त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते: “इतक्या उशिरा अर्थ कसा बदलला? आरोपीची पत्नी तुम्हाला भेटून गेली, हे खरं का?”

“खरं आहे. म्हणूनच मी आधी विश्वास ठेवला नाही,” मी म्हणाले आणि कसब्याची हकिगत सांगितली.

न्यायमूर्ती मराठी होते. त्यांनी मूळ पत्र मागितलं. ते मीही पाहिलेलं नव्हतं. माझ्याकडे आला होता तो टाइप केलेला मजकूर. सीलबंद पाकिटातून पत्र निघालं. ते त्यांनी वाचलं, मग आडवं धरून पुन्हा पाहिलं. समासात विलास यांनी सहा पटाश्या काढल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाचा आकार वेगळा, आणि कुठल्या पटाशीला किती धार हवी तेही शेजारी लिहिलेलं.

“हे पत्र याआधी कोणी वाचलं होतं?” त्यांनी विचारलं.

त्या दालनात बहुतेक सगळे मराठी होते.

जामीन झाला. खटला अजून चालू आहे. अभ्यंकर सरांनी मला काम देणं बंद केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

महिन्याभराने विलास माझ्या घरी आले. बारीक, पांढरी दाढी, हातात कापडी पिशवी. मी माफी मागायला तोंड उघडलं.

“माफ केलं असं काही मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “चौदा महिने माझे गेलेत. कामासाठी आलोय. आत लिहिलेल्या कविता आहेत, इंग्रजीत करायच्यात. तुम्ही करा.”

चेष्टा करताहेत असंच मला वाटलं. “मीच का?”

“आता तुम्ही कुठल्याच शब्दावर सहजासहजी विश्वास ठेवणार नाही. मला तसंच माणूस पाहिजे.”

पिशवीतून त्यांनी टाइप केलेल्या कवितांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. मी तो त्यांच्याकडे परत सरकवला आणि त्यांच्या हस्ताक्षरातली वही मागितली.