ताईंनी स्वतःबद्दल सांगितलं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायचं काम बावीस वर्षं एकाच बाईंकडे होतं. वयाने मोठे मेकॅनिकही त्यांना ताईच म्हणत. गिऱ्हाईक कितीही तावातावाने बोलू दे, ताई मध्ये तोंड घालत नसत. त्याचं बोलून झालं की त्याचंच म्हणणं थोडक्यात परत सांगायच्या, "म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दार उघडतंय, पण मिटत नाही. बरोबर?" माणूस तिथेच निम्मा थंड व्हायचा.

सर्व्हिस विभागाचे साहेब निवृत्त झाले, तेव्हा "ताई, तुम्ही अर्ज कराच," म्हणून थोरल्या मेकॅनिकने धोशाच लावला. ताईंनी अर्ज केला खरा, पण मुलाखतीत काय बोलायचं ते सुचेना.

घरी धाकट्या नणंदेने सराव घ्यायचं ठरवलं. खुर्चीत ऐसपैस बसून तिने विचारलं, "बोला, तुमच्यात काय गुण आहेत?"

"मी मेहनती आहे. प्रामाणिक आहे."

"वहिनी, हे तर आपल्या इस्त्रीवाल्याबद्दलही सांगता येईल!"

ताई हिरमुसल्या. "स्वतःची टिमकी वाजवायला मला नाही गं जमत."

"टिमकी कशाला? लिफ्टमध्ये अडकलेल्या त्या आजोबांचं जेवताना सांगितलंस ना, तसंच सांग. काय झालं, तू काय केलंस, पुढे काय झालं. बस्स."

मुलाखतीला मालक होते आणि बाहेरून बोलावलेले एक गृहस्थ. गुणांचा प्रश्न आलाच. घोटभर पाणी पिऊन ताईंनी आजोबांचं सांगायला घेतलं.

आजोबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते. मेकॅनिक यायला चाळीस मिनिटं लागणार होती. ताईंनी "येतोच आहे" असं न म्हणता चाळीस मिनिटंच सांगितली, आजोबांना खाली बसायला लावलं आणि ते बाहेर येईपर्यंत फोन ठेवला नाही. मग जुन्या नोंदी चाळल्या. तीच लिफ्ट दोन महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडली होती. कोणता भाग झिजलाय, तो कधी बदलणार, लिफ्ट किती दिवस बंद राहणार, एवढंच लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र त्यांनी त्या इमारतीला पाठवलं. तो भाग बदलायच्या खर्चाला इमारतीचा सहा महिने अडलेला होकार दुसऱ्या दिवशी आला.

मालक पुढे वाकले. "ते पत्र तुमचं होतं?"

"हो. सही साहेबांची होती."

ते गृहस्थ हसले. "आणि या जागेसाठी काय कमी पडेल तुम्हाला?"

"चारचौघांत उभं राहून बोलायची सवय नाही. ती करावी लागेल."

आठवड्याभराने नेमणुकीचं पत्र हातात पडलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि आधी नणंदेला फोन लावला.

मेकॅनिकांच्या पहिल्या बैठकीत उभं राहण्याऐवजी ताईंनी कागद सरळ टेबलावर ठेवला आणि बसूनच बोलल्या. कोण कुठे जाणार, काय अडलंय, कुणाला मदत हवीय, सगळं बारा मिनिटांत आटोपलं. तासभर बसायची सवय असलेले मेकॅनिक जागचे हलेनात.

"संपलं?" थोरल्याने विचारलं.

"संपलं. चहा घ्या सगळ्यांनी," ताई म्हणाल्या.