संघबांधणीचं वर्ष

गुरुवारी सकाळी माझी बायको वारली. संध्याकाळी तिच्या संघाचा सामना होता. संघ हरला.

ती इथल्या, आखातातल्या एका क्लबच्या बास्केटबॉल संघाची फिजिओथेरपिस्ट होती. त्या मोसमात क्लबने कप्तान सोडून सगळे जुने खेळाडू काढले आणि विशीतली इथलीच अरब पोरं घेतली. संघ नव्याने बांधायचा म्हणजे वर्षभर हरायचं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मी पुस्तकातून मान वर न करता विचारायचो, "आज काय?" चपला काढता काढता ती म्हणायची, "हरलो. पण कोणी लंगडलं नाही."

शुक्रवारी तो अख्खा संघ गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटवर आला. दारातून वाकून आत येत ती उंच पोरं सतरंजीवर कशीबशी मावली. सगळे तिला डॉक्टरच म्हणत. कप्तान मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई, डॉक्टर नहीं, तो मेरा घुटना खलास." खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी हळूच विचारलं, "भाऊजी, चहा टाकू का?" भेटायला आलेले आमच्यातलेच एक काका पुटपुटले, "दुःखाच्या घरी चूल पेटवतात होय? पाहुणचार आहे का हा?"

आम्ही बौद्ध. सुतक पाळू नये, असं मी जयंतीच्या कार्यक्रमात उभं राहून सांगितलेलं. तरी वहिनींना मी मानेनेच नको म्हटलं. पोरं बराच वेळ वाट पाहून उठली.

पुढे तिचं सामान आणायला क्लबवर गेलो, तेव्हा कप्तानाने चाचरत विचारलं, "भाई, आप हम से नाराज़ हैं?"

त्यांच्या अरबांकडे शोकाच्या घरी आलेल्याला कडू कॉफी देतात. तो घोट घेऊन, दुआ मागून माणूस उठतो. आम्ही काहीच दिलं नाही, त्याचा अर्थ पोरांनी लावला होता: डॉक्टर आमच्यासाठी राबून गेली, भाईने आम्हाला माफ केलेलं नाही. तिला हृदयविकाराचा झटका आला होता. त्यात त्यांचा काय दोष? मला मान वर करवेना. "हमारे यहाँ ऐसा रिवाज है," एवढंच म्हणालो. रिवाज होता, पण मी तो मानत नव्हतो.

शेवटच्या सामन्याला मी तिच्या थर्मासमधून कॉफी नेली, वेलदोडा घालून, बिनसाखरेची. सोबत खजूर. तोही सामना ते हरले. बाकावर घाम पुसत बसलेल्या एकेकाच्या हातात मी पेला दिला. कप्तानाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "भाई, यह कॉफी है या घुटने का तेल?" पोरं हसली. मग त्यांनी दुआसाठी तळवे वर केले. मी हात जोडले, नजर मात्र जमिनीवरच होती.

नंतर पोरं बाहेर पडताना मी प्रत्येकाची चाल पाहत राहिलो. कोणी लंगडत नव्हतं. हे सांगायला घरी कोणी नव्हतं.

संघ तळाला राहिला. क्लबने दुसरी फिजिओ नेमली. थर्मास माझ्याकडे आहे.