बारा टोल्यानंतरचं पानी

सासऱ्यानं वाटनी केली तवा वावर अर्धं अर्धं केलं, बैल वाटले, भांडे वाटले. इहीर कशी वाटाची? एकच इहीर, एकच मोटर. तं त्याईनं सांगतलं, सकाळी मोटरची लाईन आली का बारा टोले होईपर्यंत पानी लहान्याचं, बारा टोल्यानंतर मोठ्याचं. लहाना म्हंजे माहा देर, मोठा म्हंजे माहा घरधनी. अन् टोले म्हंजे गावातल्या गिरजाघराच्या घडीचे. इंग्रजाच्या वक्ताची घडी, उंच मनोऱ्यावर, वावरात वाकून काम करत असलं तरी आयकू येत जाय.

मले घडीचे काटे वाचता येत नाई. दुसरीतून शाळा सुटली. पन बारापर्यंत मोजता येते. घरधनी गेले, पोरगा कामासाठी चंद्रपूरकडे गेला, तवापासून मी एकलीच. बारा टोले मोजले का इहिरीवर जाऊन पायपाचा वाल आपल्याकडे फिरवला, का पानी माह्या वांग्याले, भेंड्याले, सांभार-कोथिंबिरीले. त्याच्यावरच पुलगावचा बाजार, त्याच्यावरच घर.

दोन वरसाआधी घडी बंद पडली. त्या दिवशी मी वाट पाहून राह्यली, टोलेच नाई. सूर्य डोक्यावरून ढळला तवा इहिरीवर गेली. देर म्हने, "वैनी, बारा झाले कुठी? आयकले का तुम्ही?"

मले वाटलं मजाक करून राह्यला. दुसऱ्या दिवशी बी तेच. माह्याजोळ बटनाचा मोबाईल हाय, आकडे तं वाचता येते. तो मोबाईल त्याले दाखवला, तं म्हने तुमचा मोबाईल पुढं हाय. त्याचा मोबाईल पाह्यला तं त्याच्यात बी बारा वाजून गेलते. मंग म्हने, बाबानं मोबाईलवर सांगतलं होतं काय? बाबानं टोले सांगतले. आता अशा मान्साले काय बोलाचं? रोज अर्धा घंटा खाय, कधी एक घंटा. पाचले लाईन जाय अन् माहा शेवटचा वाफा कोरडा.

मंग मीच गेली पुलगावले. बाजारात एक म्हातारा घडीवाला बसते. त्याले पालकाची जुडी देली अन् गावात घेऊन आली. तो कसाबसा मनोऱ्यावर चढला, खाली आला तं हात काळे. म्हने दोन चाकाचे दात झिजले, वजनाची तार तुटली, चाकं लोखंड कातनाऱ्या खरादीवाल्याकडून करून घेतो. खर्च आयकला तं एका म्हशीचा.

गिरजाघराचे गावात मोजकेच घरं. पाद्रीबाबा भला मानूस, पन त्याच्याजोळ काय हाय? छत गळते तेच दुरुस्त नाई. म्हनून मी भाजीची टोपली घेऊन घरोघरी गेली. भाजी घ्या अन् घडीसाठी काही द्या. कोनी देलं, कोनी नाई देलं. एक बाई म्हने, गिरजाघरवाल्याईची घडी हाय, त्याईनं दुरुस्त करावं. मी म्हटलं, टोले आयकून तुही पोरगी तीस वरस शाळेत अन् ड्युटीवर गेली, तवा कोनाची होती घडी? तिनं पैसे काही देले नाई. माह्या देरानं देले, थोडे. तोंडावर नाई म्हनता आलं नाई त्याले.

अर्धे जमले. घडीवाल्यानं तेवढ्यात एक चाक करून बी आनलं. राह्यलेल्या पैशासाठी रिटायर मास्तरनं सरकारले अर्ज लिहून देला. म्हने 'ऐतिहासिक' लिहू, वजन पडते. आम्ही सह्या केल्या. मी बी केली, मले नाव लिहिता येते.

काही महिन्यानं एक साहेब आला. तरनाताठा, हातात फाईल. मनोरा पाह्यला, फोटो काढले, मंग झाडाखाली बसला अन् म्हातारे लोक बलावले. घडी किती जुनी हाय ते सांगा. मले वाटलं, जेवढी जुनी तेवढे पैसे जास्त. सासू सांगे, ते नवी नवरी आली तवा घडी बसवली होती. तेवढंच खरं होतं. पन मी सांगतलं का माह्या आजेसासूच्या सासूनं या मनोऱ्यासाठी चुन्या-मातीचा गारा वाह्यला. साहेबाचा चेहरा खुलला. माहा बी फोटो काढला, डोक्यावर पदर घ्या म्हने. मी घेतला.

मी खुशीत होती. घरी येऊन भाकर जास्तीची खाल्ली.

मंग कागद आला. पाद्रीबाबानं वाचून दाखवला. इमारत लय जुनी आहे असं गावातल्या वृद्ध महिलेनं सांगतलं, म्हनून तपासनी होईपर्यंत कोनी एक खिळा बी लावू नये. मनोऱ्याच्या दाराले कुलूप लावलं, त्याच्यावर लाखेची मोहर ठोकली. अन् दुरुस्तीचा पैसा? तो जुन्या इमारतीले या कार्यालयातून भेटत नाई, दुसरीकडे अर्ज करा. मास्तर पाद्रीबाबाच्या तोंडाकडे पाहे, पाद्रीबाबा माह्या तोंडाकडे.

घडीवाला चाक कपड्यात गुंडाळून आलता. तसाच परत गेला. मी पाद्रीबाबाले म्हटलं, लाख तोडू, कोन येते पाहाले? ते म्हने, "आजी, तुम्ही तोडली तं कोनी काही म्हननार नाई. आम्ही गिरजाघराचे मोजके लोक, आम्ही तोडली तं लय होईल." आळ त्याईच्यावरच आला असता, म्हनून मी बी लाख तोडली नाई.

वर्ध्याले त्या साहेबाच्या कार्यालयात गेली. बाजाराचा दिवस सोडून गेली. त्या साहेबाची बदली झालती. टेबलावर दुसराच होता. त्याले सांगतलं, बाबू, मी खोटं बोलली. सासूच्या वक्ताची हाय घडी, लिहून घे. त्यानं फाईल काढली, माहा फोटो दाखवला, पदर घेतलेला. म्हने, "हे तुमचंच बयान हाय ना? आता हे खोटं म्हनाल तं तुमच्यावरच येईल." मी म्हटलं येऊ दे. तं म्हने नवीन अर्ज करा, तपासनीवाले आले का त्याईले सांगजा. कवा येनार? त्याले मालूम नाई. तीनदा गेली. तिसऱ्या वेळी तो बी नव्हता.

तपासनीवाले अजून आले नाई. माहाच राग येते मले. साहेबाचा नाई, देराचा बी एवढा नाई. तोंड उघडलं नसतं तं आज घडी वाजली असती.

यंदा भेंड्या फुलावर आल्या तवा देरानं दीड घंटा खाल्ला. त्या दिवशी मी इहिरीवर गेली, वाल फिरवला अन् वालावरच बसली.

देर आला. "वैनी, उठा. बारा नाई झाले."

"नाई उठत."

"काऊन?"

"घडी वाजली का उठीन."

देर मंग विडी पेटवून गेला. तवापासून रोज ऊन डोक्यावर आलं का मी जाऊन वालावर बसते, लाईन जाईपर्यंत. उठली का तो वाल आपल्याकडे फिरवून घेते, दोनदा पाह्यलं. पानी पुरतं भेटते आता. वांगे हिरवेगार झाले. पन दुपारी भेंड्या तोडाले कोनी नाई, अन् सकाळी एकटीच्यानं सगळं आवरत नाई. अर्ध्या भेंड्या झाडावरच जून होतात. बाजारात गिऱ्हाईक टोक मोडून पाह्यते अन् ठेवून देते.