बरं, येतो

नव्या वस्तूंची हौस मला लहानपणापासून आहे आणि हौसेला मोल नसतं असं म्हणत मी ती पुरवतही आलो. येडशीच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. महिन्यातून एखादं खोकं कुरिअरनं घरी यायचंच. बायको म्हणायची, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," आणि खोकं फोडायला कात्रीही तीच आणून द्यायची.

दुतर्फी पेजरची जोडी अशीच आली. पण या वेळी माझ्याकडं सांगायला कारण होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आई गेल्यावर ते आमच्या शेतात राहायला गेले. शेत गावापासून तीन किलोमीटरवर, रामलिंगच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. तिथं मोबाइलला एक काडीसुद्धा रेंज येत नाही. हे पेजर सिमकार्डाशिवाय, थेट एकमेकांशी रेडिओवर बोलतात. एक एरियल मी आमच्या गच्चीवर बांधली, दुसरी शेतातल्या खोलीच्या पत्र्यावर. जुन्या काळच्या पेजरवर नुसता निरोप यायचा, यावर उत्तरही धाडता येत होतं. पडद्यावर मराठी अक्षरं उमटवायला मला पंधरा दिवस लागले. त्यानंतर महिनाभर मी शाळेत ते यंत्र दाखवत हिंडलो.

दादांना यंत्र पहिल्याच दिवशी जमलं, याचं मला नवल वाटलं. खरं तर वाटायला नको होतं. तीस वर्षं ते रेल्वेत गेटमन होते. स्टेशनमास्तर फोनवरून गाडी निघाल्याचं सांगायचा आणि एक आकडा द्यायचा. दादा फाटक लावायचे आणि आपला आकडा त्याला द्यायचे. दोन्ही आकडे वहीत लिहिले की गाडी जाईपर्यंत गेटमननं जागा सोडायची नाही, मग पाऊस येवो की पोरगं आजारी पडो. "उत्तर आलं म्हंजी पल्याड मानूस उभा हाय," असं ते आम्हाला लहानपणी सांगायचे. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा.

पेजरवर त्यांचे निरोप ठरलेले असायचे. दूध न्यायला ये. तंबाखू आण. शेंगा काढल्यात, घेऊन जा. मी वर्गात असलो की उत्तर राहून जायचं आणि संध्याकाळी बोलणी बसायची. "निरोप पोचला का न्हाय, हे मला कसं कळावं? उत्तर द्याया काय हात झिजतेत का तुझं?"

उत्तर तरी काय असायचं? दर वेळी तेच: बरं, येतो. मग रोज तेच बोटांनी कशाला लिहायचं? एका दुपारी मी यंत्राला शिकवून टाकलं. दादांचा कुठलाही निरोप आला, की पाच सेकंदांत आपोआप उत्तर जायचं, "बरं, येतो." मी सावकाश, संध्याकाळी निरोप वाचायचो. काम झालं होतं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पुढच्या खेपेला दादांनी पाठीवर थाप मारली. "आता कसं! लगी उत्तर देतुस. शाना झालास." मी हसलो. यंत्र उत्तर देतंय, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याकडून शाबासकी मला फारशी कधी मिळालेली नव्हती. मिळालेली परत कोण करतो?

त्या रविवारी सकाळी हवामान मोजायचं एक नवं यंत्र आलं होतं. मी पुढच्या खोलीत त्याचे भाग मांडून बसलो होतो. पेजर मागच्या खोलीत, खिडकीत. आवाज मी बंद करून ठेवला होता, कारण उत्तर तर जातच होतं. बाराला बायको म्हणाली, "अहो, दादांचा डबा थंड होतोय." तेव्हा मी गाडी काढली.

दादा दारातल्या बाजेवर, रस्त्याकडं तोंड करून आडवे झालेले होते. पेजर छातीवर होता. अंग गार पडलं होतं. शेजारच्या शेतातला शेतकरी माझी गाडी बघून धावत आला. त्याच्या तोंडून पुढचं कळलं.

"धा वाजता आलतो की, सर. दादा घामानं निथळत हुते. म्या म्हनलं, चला, गाडीवर बसा, दवाखान्यात नेतो. तर म्हनले, पोराला निरोप धाडलाय, उत्तर आलंय, त्यो निघालाय. आता जागा सोडली तर पोरगं हितं यिऊन हुडकत बसंल. लई समजावलं. ऐकंनात. मलाच म्हनले, तू जा, पानी बघ आपलं. पुन्यांदा यिऊन बघाया पायजे हुतं म्या."

एवढं बोलून तो रडायला लागला. मी त्याला धीर दिला. म्हणालो, तुमचा काय दोष? हे मी म्हणालो, मी! उत्तर कुणी दिलं होतं, हे त्याला तेव्हाही सांगायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर खिडकीतला पेजर हातात घेतला. "छातीत दुखतंय, ये." "बरं, येतो." "निघालास का?" "बरं, येतो." "कुठवर आलास?" "बरं, येतो." दर वेळी पाच सेकंदांत, न चुकता.

दहाव्याला मी भावकीसमोर सगळं सांगितलं. कुणी मला बोल लावला नाही. यंत्राचं काय खरं असतंय, असं म्हणून त्यांनी यंत्राला दोष दिला. ते गरीब बिचारं तर मी शिकवलं तेच बोलत होतं.

त्यांना मी हे तीनच निरोप सांगितले. चौथाही होता, साडेअकराचा. तो मी बायकोलाही दाखवलेला नाही.

"घाई करू नगं. गाडी सावकाश हाक. म्या हाय हितंच."

त्यालाही उत्तर गेलं होतं.