लाल जमिनीवरचं तेल

भवानीपूरच्या त्या घरात राहायला गेलो तेव्हा घरमालकिणीनं एकच अट घातली होती. मोटारसायकल दारातून आत येणाऱ्या बोळात खुशाल ठेवा, पण माझी जमीन खराब होता कामा नये. जमीन लाल सिमेंटची होती. त्यांच्या सासऱ्यांनी माणसं बसवून घोटून घेतलेली, आणि त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी स्वतः पुसून पुसून चकचकीत ठेवलेली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की माझी गाडी तेलाचा थेंब गाळत नाही. त्यानंतर आजतागायत कुठल्याही यंत्राबद्दल असलं विधान मी केलेलं नाही.

बदली होऊन कलकत्त्याला आल्यापासून दोन वर्षांत हे आमचं तिसरं घर. पहिल्या घरात पाणी नव्हतं, दुसऱ्यात पाणी जमिनीतून वर यायचं. इथे मात्र दोन हवेशीर खोल्या, मागे तुळशीपुरतं अंगण, आणि दहा मिनिटांवरच्या शाळेत बायकोला नुकतीच मिळालेली नोकरी. सामान लावून झाल्यावर तिनं मला बजावलं होतं, "अहो, आता यापुढे मी एकही भांडं बांधणार नाही. बदली झाली तर एकटे जा." घरमालकीण विधवा, साठीच्या पुढच्या, बोळाच्या पलीकडच्या खोल्यांत एकट्या राहायच्या. अख्खी गल्ली त्यांना माशीमा म्हणायची, म्हणजे मावशी. आम्हीही म्हणू लागलो.

महिन्याभरात गाडी गळायला लागली.

साधी गळती असती तर माझी तक्रार नव्हती. नट सैल झाला, तेल आलं, नट आवळला, तेल थांबलं, असं काही असतं तर मी शहाण्यासारखा वागलो असतो. पण हे तेल कुठून येतंय तेच कळेना. इंजिनचा खालचा भाग सगळा बरबटलेला, साखळीचं कव्हर ओलं, मागच्या चाकावर शिंतोडे, आणि बोळात रोज बशीएवढा डाग. एस्प्लनेडच्या ऑफिसात पोचेपर्यंत वाऱ्यानं ते तेल असं काही पसरायचं, की उगम शोधायचा म्हणजे अख्खं इंजिनच संशयित.

मेकॅनिक गल्लीच्या तोंडाशीच होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, मूळचा बिहारकडचा. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "गॅस्केट गया है, दादा." मी सुट्या भागांच्या मल्लिकबाजारात जाऊन गॅस्केट आणलं, इंजिनच्या जोडात बसते ती पातळ चकती. ते बसवलं, गाडी गळली. मग तो म्हणाला, ऑइल सील. तेही आणलं, बसवलं, गाडी गळली. मग दुसऱ्या बाजूचं गॅस्केट. मग एक नट, ज्याचे आटे म्हणे गेले होते. मी दर रविवारी नाक मुठीत धरून त्याच्या दुकानात, आणि दर सोमवारी डाग आपला जागच्या जागी.

शेवटी ऑफिसातल्या एका माहीतगारानं युक्ती सांगितली. इंजिन स्वच्छ पुसायचं, त्यावर पावडर उडवायची, थोडं फिरवून आणायचं. जिथे पावडर ओली, तिथे गळती. मी बायकोचा पावडरचा नवा डबा निम्मा संपवला. फिरवून आणून बघतो, तर सगळीकडेच पिठल्यासारखा लगदा. गळतीचा पत्ता लागला नाहीच, वर संध्याकाळभर घरात पावडरचा विषय. मला त्या यंत्राचा इतका संताप आला, की मी त्याला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

खरं सांगायचं तर गाडीची निगा राखण्यात मी कुठेच कमी नव्हतो, आणि म्हणूनच चिडचिड जास्त. रोज सकाळी सातला, चहाच्या आधी, मी इंजिनमधली तेल मोजायची काठी बाहेर काढायचो, फडक्यानं पुसायचो, परत घालून बघायचो. तेल खुणेच्या खाली असायचंच. गळतंय म्हटल्यावर कमी होणारच. मग डब्यातून खुणेपर्यंत ओतायचो, गाडी चालू करायचो आणि इंजिन तापेपर्यंत आत जाऊन चहा प्यायचो. एक दिवस चुकवला नाही. घरी वडील भिंतीवरच्या घड्याळाला जशी ठरल्या वेळी किल्ली द्यायचे, तसंच हे. मेकॅनिकनं एकदा विचारलंही होतं, "तेल देखते हैं ना?" मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "रोज."

माशीमा पहिले काही आठवडे काही बोलल्या नाहीत. मी ऑफिसला गेलो की त्या फडकं आणि सोडा घेऊन गुडघ्यांवर बसतात, हे मला बायकोकडून कळलं. तिनं मदत करायला जावं, तर त्या हातानं बाजूला सारायच्या. मग एके दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोळात थांबवलं. हातात वाटी होती, वाटीत तांदळाची पातळ पेस्ट. त्यांनी बोट बुडवून डागाच्या बाहेर जमिनीवर एक पाऊल काढलं, ते बसलं. मग डागावर काढलं. पांढरं पाणी आक्रसलं, त्याचे मणी झाले आणि ते घरंगळून गेले.

कोजागरीला त्यांच्याकडे लक्ष्मीपूजा असते. रस्त्याच्या दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पेस्टनं लक्ष्मीची पावलं काढायची, आणि ती याच बोळातून जायची. लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष खंड नाही. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, यंदा पावलं उमटली नाहीत, तर महिनाअखेरीला तुम्ही दुसरं घर बघा. आरडाओरडा केला असता तर मी वाद घातला असता. तसा वाव त्यांनी ठेवला नाही.

हे मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "ती गाडी विका," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, गळकी गाडी घेणार कोण? त्यावर तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

नेमकं त्याच सुमारास आठ दिवस आसनसोलला दौरा निघाला. जाण्याआधी मेकॅनिककडून आणखी एक गॅस्केट बसवून घेतलं. परत आलो तो बोळ कोरडा ठणठणीत! गाडीखाली मी पालथा पडून बघितलं. एक थेंब नाही. जिंकलो, असं मी बायकोला ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काठी काढली, तर तिला तेलाचा स्पर्शही नाही. आता जमिनीवर तेल नाही आणि इंजिनमध्येही नाही, तर ते गेलं कुठे, हा प्रश्न कुठल्याही शाळकरी पोराला पडला असता. मला पडला नाही. मी खुणेपर्यंत तेल ओतलं, किक मारली आणि चहाला आत गेलो.

कप तोंडाला लावतो तोच बोळातून माशीमांची हाक आली. बाहेर येऊन बघतो तर इंजिनच्या मागून, साखळीच्या कव्हराआडच्या एका पाइपातून तेल भसाभसा बाहेर येत होतं. भिंतीवर उडालं होतं, उंबऱ्यापर्यंत ओघळ गेला होता. मी गाडी बंद केली. माशीमा पांढऱ्या साडीचा काठ उचलून धरून उभ्या होत्या. माझ्याशी त्या नेहमी त्यांच्या हिंदीत बोलायच्या. ते वाक्य मी जसंच्या तसं सांगू शकतो.

"आठ दिन तुम नेही था, आठ दिन हाम कुछु पोंछा नेही. तुम रोज तेल डालता है, हाम रोज तेल पोंछता है."

मी गाडी ढकलत मेकॅनिककडे नेली आणि रागारागानं माशीमांचं वाक्य त्याला ऐकवलं, बाई मला बोलल्या म्हणून. त्यानं पाना खाली ठेवला आणि विचारलं, "तेल कब देखते हैं, दादा?"

"सुबह. ठंडे में. चालू करने के पहले."

त्यानं कपाळाला हात लावला. मग इंजिनच्या तळाचा नट काढला. खाली ठेवलेला डबा भरला, त्यानं दुसरा लावला. या जातीच्या इंजिनात, त्यानं मला समजावलं, गाडी उभी राहिली की तेल आपल्या टाकीतून हळूहळू इंजिनच्या पोटात उतरतं. काठीला ते लागत नाही. चालू केल्यावर पंप ते परत वर चढवतो. म्हणून तेल बघायचं ते गाडी फिरवून आणल्यावर. मी रोज सकाळी पोटभर जेवलेल्याला वरून वाढत होतो, आणि तो बिचारा रोज त्या पाइपातून ओकत होता. गॅस्केट एकही गेलेलं नव्हतं.

लाज वाटली, हे मोकळेपणानं सांगतो. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो काढायला आता कोणी उरलं नव्हतं. इतके दिवस मी मेकॅनिकला नावं ठेवत होतो, सुट्या भागांना ठेवत होतो, मनातल्या मनात माशीमांनाही ठेवत होतो. गळती माझ्या शिस्तीची होती, आणि एक म्हातारी बाई रोज ती गुडघ्यांवर बसून पुसत होती.

गाडी त्या दिवसापासून गळली नाही. डाग मात्र जमिनीत मुरला होता. दुर्गापूजेचे चार दिवस सगळं कलकत्ता नवे कपडे घालून रस्त्यावर, आणि आम्ही नवरा-बायको बोळात ओणवे. धुण्याचा सोडा झाला, लाकडाचा भुसा झाला, चुन्याचा लेप झाला. बाहेर ढाक, म्हणजे पूजेचे मोठे ढोल, वाजत होते. बायको माझ्याकडे पाठ करून घासत होती.

कोजागरीच्या दुपारी माशीमा वाटी घेऊन आल्या. दारापासून एकेक जोडी काढत त्या पुढे सरकल्या. सगळीकडे पाऊल नीट बसत होतं. गाडीच्या पाइपाखाली यायची ती जागा आली. त्यांनी बोट टेकवलं, आणि पेस्ट तिथून सरकली. पुन्हा टेकवलं, पुन्हा सरकली. ताटाएवढी जागा असेल. त्या तशाच बसून राहिल्या.

बायको आत गेली. परत आली ती पुण्याहून आणलेला रांगोळीचा डबा घेऊन. "माशीमा, मी काढू?" तिनं हिंदीत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली बसली. कोरड्या रांगोळीला तेलाचं काय? चिमटीतून भुरभुरत तिनं त्या डागावर दोन पावलं काढली, आमच्याकडे गौरींच्या वेळी काढतात तशी. माशीमांच्या ओळीत ती बरोबर बसली; फक्त जरा जास्त पांढरी दिसत होती. माशीमांनी ती वाकून बघितली. मग उठून त्यांनी रस्त्याकडचं दार लोटून घेतलं, वारा यायला नको म्हणून.

संध्याकाळी पूजेला बायका यायला लागल्या. माशीमांनी बोळात पाट टाकला आणि त्या पावलांच्या शेजारी बसून राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकीला ओरडून बाजूनं जायला लावत होत्या, आणि वर सांगत होत्या, की ही आमच्या बौमानं काढलीत. बौमा म्हणजे सूनबाई. मी प्रसादाचं ताट हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होतो. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "पा देखके," आणि मी पाय आवरून घेतले.

दुसऱ्या दिवशी बायको केरसुणी घेऊन गेली, तर त्यांनी झाडू दिलं नाही. महिनाअखेर आली आणि गेली. घराचा विषय कुणी काढला नाही. रांगोळी उडून जाईपर्यंत मी रोज सकाळी ती पावलं वाचवत गाडी भिंतीला घासून बाहेर काढत होतो. एका बाजूचा रंग त्यात गेला, तो मी पुन्हा लावला नाही.