तांब्याचा गळका गुंड

चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलायचं तर अँटेनाची तार वीस मीटर लांब लागते. नालवाडीतल्या आमच्या अंगणात तेवढी जागा नव्हती. म्हणून तारेचं एक टोक आमच्या छतावरच्या बांबूला होतं आणि दुसरं शेजाऱ्यांच्या कडुनिंबाला. ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट आहे. हौशी रेडिओचा परवाना मिळून फार दिवस झाले नव्हते. या परवान्यावर देशातल्या, जमलं तर परदेशातल्या, इतर परवानाधारकांशी बोलता येतं. व्यापार, राजकारण, दुसऱ्याचे निरोप यांना मनाई असते. राहतात ते हवामान, सेट आणि आवाज कसा येतो याची चौकशी.

सेट जुना होता. तारखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तो घरी बांधला होता. लाकडी पेटी, आत एक मोठा व्हॉल्व्ह, बोलायची आणि ऐकायची सोय एकाच पेटीत. तयार विलायती सेट माझ्या जिल्हा बातमीदाराच्या पगारात बसत नसे. हा बसला.

शेजारी काकाजी आणि काकू राहत. पवनारच्या बाजूला त्यांचं वावर होतं. काकाजींना लकवा झाल्यावर ते बटईनं, पिकाच्या वाट्यावर कसायला, दिलेलं होतं. काकाजींची उजवी बाजू गेली होती, बोलणं शाबूत होतं. दिवसभर ते छपरीतल्या खाटेवर असत. उशाशी स्टुलावर जुना, विजेवर चालणारा रेडिओ, वर भिंतीला त्याच्या अँटेनाची तांब्याच्या जाळीची पट्टी. संध्याकाळी नागपूरहून शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागे, त्यानंतर बाजारभाव. ते भाव ऐकून काकाजी बटईदाराला काय विकायचं आणि काय थांबवायचं ते सांगत.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सगळं सुरळीत चाललं. उन्हाळा लागला आणि एका संध्याकाळी काकू कुंपणाशी आल्या.

"भाऊ, तुमी आमच्या रेडिओत कायले बोलून राह्यले?"

मी त्यांच्या छपरीत गेलो. काकाजींनी पडल्या पडल्या तक्रार मांडली, तीही रागानं नाही.

"तुरीचा भाव आला का तुमचा आवाज येते. अन् रोज सगळ्यायले एकच इचारता, माझा आवाज येते का, माझा आवाज येते का. येते न बावा. इथं एकदम साफ येते."

काकू हसल्या नाहीत. "त्यायले वावरात जाता येत नाई. आता हा रेडिओच त्यायचं वावर हाय. मिरगापर्यंत पाहा. नाई जमलं त निंबावरची तार काढून घ्या."

दुसरं झाड नव्हतं. तार गेली की सेट म्हणजे नुसती पेटी. पण काकूंचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यांनी मुदतही दिली होती. संध्याकाळी बोलणं बंद ठेवायला मी तयार होतो, पण नोकरीमुळे दुसरी वेळ हाती नव्हती.

दोष सेटमध्ये आहे असं धरून काम सुरू झालं. लाकडी पेटी आतली लहर अडवत नाही, म्हणून ती पहिल्यांदा काढली. तेलाचा रिकामा पिपा कापून, ठोकून सरळ केला आणि त्या पत्र्याची पेटी केली. सांधे डाग देऊन बंद केले. मग विजेची वायर. सेटमधली लहर वायरीतून उलटी घराघरांत जाते. ती अडवायला मोडक्या ट्रान्झिस्टरमधली काळी फेराइटची कांडी काढून त्यावर ती वायर गुंडाळली. वायर जिथे पेटीत शिरते तिथे कपॅसिटर लावले.

प्रत्येक बदलानंतर फरक पडला की नाही हे पाहायला दोन माणसं लागत. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं शेजारच्या रेडिओशी कान लावायचा. तो कान काकाजींचा. त्यांनीच पद्धत ठरवली. खाटेजवळ छपरीला टिनाचा आडोसा होता. डाव्या हातातल्या काठीनं त्यावर एक ठोका म्हणजे आवाज आहे तसाच. दोन ठोके म्हणजे आहे, पण कमी. काहीच नाही म्हणजे साफ. ठोके आमच्या खिडकीतून नीट ऐकू येत.

या कामासाठी ते आपल्या कार्यक्रमाचा सुरुवातीचा भाग खुशाल देऊन टाकत. बाजारभाव मात्र द्यायचे नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

पत्र्याच्या पेटीनंतर दोन ठोके पडले. कांडीनंतरही दोनच, पण हळू. मी चौकशीला गेलो तेव्हा त्यांनी खुलासा केला, "पहिले तुमी खाटेवर बसून बोलत होते. आता अंगणातून बोलून राह्यले." आवाजाचं इतकं नेमकं वर्णन बातमीत आलं असतं तर मी त्यातला एक शब्द कापला नसता.

अंगणातून पुढे मात्र आवाज हलेना. मे महिना आला. काकू येता-जाता तारेकडे पाहत.

एका संध्याकाळी मी बोलत असताना दोन ठोके पडले, मग थांबले. बराच वेळ शांतता होती. मी हातातलं संभाषण संपवलं, आणखी एकाला हाक मारली, तरी ठोका नाही. मग पुन्हा सुरू झाले. मी सेट बंद करून कुंपणाशी गेलो.

"मधात एकदम बंद झालता," काकाजी आतून म्हणाले. "मले वाटलं तुमी जेवाले गेले."

"मी बोलतच होतो. तेव्हा इकडे काय झालं?"

"काई नाई झालं," काकू म्हणाल्या. "म्या भांडे घासले अन् पाणी फेकलं. तिथं, कुंपणापाशी."

कुंपणापाशी, आमच्या बाजूला, माझ्या अर्थिंगची सळई होती. सेटमधली फालतू लहर जमिनीत जावी म्हणून ती गेल्या पावसाळ्यात ठोकलेली. तेव्हा ती लोण्यात सुरी जावी तशी गेली होती. आता वाकून पाहिलं तर काळी माती हात जाईल एवढी फाटली होती आणि सळई नेमकी त्या भेगेत उभी होती. बाजूंना माती नव्हतीच. काकूंचं पाणी गेलं तेवढा वेळ तिला जमीन मिळाली, पाणी मुरलं आणि ती पुन्हा हवेत राहिली.

मी ते छपरीत जाऊन सांगितलं. काकाजी खाट हलेपर्यंत हसले.

"काया मातीत भेगा पडते हे तुमाले ठाऊक नोतं?"

ठाऊक होतं. आमचंही वावर होतं, घराच्या जोत्याला दर उन्हाळ्यात तडे जात. फक्त ते ज्ञान शेताचं आणि घराचं होतं. रेडिओचं पुस्तक वाचताना ते बाजूला राहिलं. पुस्तकात सळई ओलसर जमिनीत ठोका एवढंच लिहिलेलं होतं.

सळईवर रोज बादली ओतणं हा उपाय टिकणारा नव्हता. पाणी भेगेतून सरळ खाली जाई. ते हळूहळू झिरपायला हवं होतं. मी हे काकूंना सांगत होतो तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि पाण्याचा जुना तांब्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन आल्या. बुडाशी बारीक भोक होतं. झाळून आणायचा म्हणून तो फळीवर पडून होता.

"हा चालते का पाहा. रातभर गळते. तांब्याचाच हाय."

याहून चांगलं अर्थिंग बाजारात मिळालं नसतं. भेगेच्या जागी खड्डा खणला. काकूंच्या चुलीतला कोळसा आणि खडे मीठ तळाशी घातलं. गुंडाच्या गळ्याला जाड तार डाग देऊन जोडली आणि तो गळ्यापर्यंत पुरला, तोंड उघडं ठेवून. गुंड भरला की बुडातलं पाणी रात्रंदिवस मातीत उतरत राही. भोवतालची माती फुगली आणि भेग मिटली.

माती पुरती ओली झाल्यावर संध्याकाळी सेट लावला. बाजारभावांच्या वेळी बोलायचं, असं या वेळी काकाजींनीच सांगितलं होतं. खरी परीक्षा तीच, असं त्यांचं म्हणणं. भोपाळचा एक नेहमीचा माणूस मिळाला. मी त्याला माझा आवाज कसा येतो ते विचारलं आणि टिनाकडे कान ठेवला. ठोका नाही. तो माणूस आपल्याकडच्या उकाड्याबद्दल सांगत होता, ते अर्धंच कानावर आलं. मी पुन्हा बोललो, मुद्दाम लांबवून बोललो. ठोका नाही. काकाजींना झोप लागली असेल, काठी हातातून पडली असेल, असंही मनात आलं. बोलणं आटोपून मी छपरीत गेलो.

काकाजी जागे होते. काठी छातीवर आडवी होती. मी "काकाजी" म्हणताच त्यांनी डावा हात वर केला.

"चूप बसा न भाऊ. तुरीचा भाव सांगून राह्यले."

मी खाटेजवळ खाली बसलो. भाव संपेपर्यंत तिथेच ऐकत राहिलो.

तार निंबावर राहिली. मृग आला तेव्हा काकूंनी ती आपल्या हातानं फांदीवर पुढे सरकवली, कारण वाऱ्यात ती कौलांना घासत होती. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात भांडी घासून झाल्यावर गुंड भरायचं काम त्या करत. मी बातमीसाठी बाहेरगावी असलो तरी तो भरलेला असे. हवेत भेटणारे लोक साफ आवाजाचं कौतुक करत आणि काय बदल केले ते विचारत. मी पत्रा, कांडी, कपॅसिटर सांगत असे. गुंडाचं सांगायला लागलो की समोरच्याला ती थट्टा वाटे.

ऐंशीच्या दशकात बदली झाली. सेट खोक्यात गेला, तार उतरवली. काकाजी तोवर राहिले नव्हते. रेडिओ त्याच स्टुलावर होता आणि बटईदाराला भाव आता काकू सांगत. गुंड उकरून परत द्यावा म्हणून मी कुदळ घेऊन कुंपणाशी गेलो. त्याच्या भोवती गवती चहाचं बेट माजलं होतं. ओल पाहून काकूंनीच तो लावला होता.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "उकरलं त चहा मरन."

त्यांनी मूठभर पाती कापून वर्तमानपत्रात बांधून दिली. कुदळ मी परत नेऊन ठेवली.